वसंताचा कोरा बिल्ला

मंडळी, विठ्ठलवाडीच्या या हॉलमध्ये वसंताच्या शोकसभेला एवढी माणसं आली, त्याला बरं वाटलं असतं. मी काही भाषणवाला नाही. त्याचा हेल्पर मी, सदा. पण आज बोललो नाही तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

सात वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका अणुवीज केंद्रात गळती झालेली. दुरुस्तीला कॉन्ट्रॅक्टरने कल्याणहून आमची गँग नेली. वसंता वेल्डर. आत जाताना प्रत्येकाच्या छातीला एक बिल्ला लावायचे. अंगावर किती किरण आले, ते त्या बिल्ल्यावरून कळायचं. हद्द ओलांडली की माणूस कामावरून बंद, थेट घरी.

वसंता म्हणाला, "सद्या, माझा बिल्ला तुझ्याकडे ठेव. तू बाहेरच असतोस ना?"

मी म्हटलं, "दे की."

अरे, काय अक्कल होती आमची! दिसत नाही, वास नाही, चटका नाही. मग भ्यायचं कशाला? महिनाभर वसंता आत आणि त्याचा बिल्ला बाहेर, माझ्या खिशात. जेवताना हसायचो आम्ही त्यावर.

गेल्या वर्षी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कॅन्सर. कशानं झाला? ते म्हणाले, छातीठोक सांगता येत नाही, किती किरण लागलेत ते कळलं तर बघू. म्हणून वहिनी मला घेऊन त्या कॉन्ट्रॅक्टर कंपनीच्या ऑफिसात गेल्या. साहेबांनी फाइल उघडली. म्हणाले, "बाई, यांचा बिल्ला कोरा आहे. यांना काही लागलेलंच नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आणि मी? मी पंख्याकडे बघत बसलो. वसंतानं शपथ घातलेली, बोलू नकोस, तुझंही काम जाईल. पण शपथेचं नुसतं निमित्त, मंडळी. मी घाबरलो.

वहिनी, तो बिल्ला माझ्या खिशात होता.

परवा तुम्ही विचारलंत, "भाऊजी, तिकडून आणलेले यांचे कपडे मी मुलीच्या कपड्यांबरोबर धुतले. तिला काही व्हायचं नाही ना?" मला माहीत नाही हो. डॉक्टरांनाही नाही. उद्या ऑफिसात सगळं लिहून देतो. पण मानणार कोण? आणि मानलं, तरी वसंता कुठाय?

चला, त्याच्यासाठी दोन मिनिटं आपण सगळे गप्प उभे राहू. वहिनी, तुम्ही मात्र गप्प राहू नका. तुम्हाला मला काय बोलायचं ते सगळ्यांदेखत बोला. मी इथेच उभा आहे.