तोंड वाचणारी माणसं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, गिरणीचे व्यवस्थापक साहेब, ज्यांना निरोप द्यायला मन तयार होत नाही ते आमचे जॉबर मामा, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या मामी, आणि पाळी संपवून अंगावरचं सूत झटकत थेट इथे आलेल्या मागखात्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी कापड तपासणारी बाई. कापडातली गाठ माझ्या बोटांना कळते, भाषणातली कळेलच असं नाही. सांभाळून घ्या.

पाहुण्यांसाठी एक गोष्ट आधी सांगते. आमचे माग सुरू झाले की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ओठ वाचतो. या टोकाची थट्टा त्या टोकाला पोहोचते, आणि तोंड मोठं उघडून बोलणं हीच आमच्यातली सभ्यता. अध्यक्ष महोदय, मघाशी आपण साहेबांना या खुर्चीबद्दल जे हळूच म्हणालात, तेही आम्हा सगळ्यांना कळलंय. हसा, हसा.

तर अशा खात्यात मामा जॉबर, म्हणजे आमच्यावरचे मुकादम झाले, आणि काही दिवसांनी त्यांचं तोंड लहान व्हायला लागलं. शब्द ओठांपर्यंत येईनात. आम्हाला काय वाटलं असेल? माणूस चढला! "मामांनी सोन्याचे दात बसवलेत, चोरीला जातील म्हणून दाखवत नाहीत," असं माझा दादा शेजारच्या मागावरून म्हणायचा आणि सगळं खातं हसायचं. ओठ वाचण्यात एवढे तरबेज आम्ही, पण मिटत चाललेलं तोंड हा आजार असतो, हे एकालाही वाचता आलं नाही.

ते वाचलं मामींनी. मामांचा घास लहान होत गेला, जरासं तिखट लागलं तरी डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"अहो, आ करा बघू."

"केलाय की!"

"हा आ आहे होय? पक्ष्याचं पिल्लूसुद्धा याहून मोठा करतं!"

मनगट धरून त्यांनी मामांना दवाखान्यात नेलं. धडधाकट माणसाच्या दातांमध्ये आपली तीन बोटं उभी मावतात. मामांचं एक कसंबसं गेलं. गालाच्या आत पांढरा चट्टा आणि न भरणारी जखम. तुकडा काढून तपासला. कर्करोग होता.

सुपारी-तंबाखूची पुडी आमच्याकडे औषधासारखी फिरायची. गालात धरली की सुताची धूळ घशात जात नाही, असं नव्या माणसाला आम्हीच शिकवायचो. धूळ जायची ती जायचीच. गालही जायचा.

शस्त्रक्रियेत मामांच्या जबड्याचा तुकडा गेला. मांडीची कातडी गालाला लावली. मग किरणांचे उपचार, तोंडाला कोरड, नळीतून जेवण. पुढे तोंड पुन्हा उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आणि सोसेल तशी एकेक वाढवायची. मामा चहाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून तेच करायचे, डोळ्यांतलं पाणी पुसायचे आणि पुन्हा मागांकडे जायचे. बोलणं जड झालं होतं, म्हणून बाहेर लोक त्यांना दारू प्यायलेला समजायचे. आम्हालाही त्यांचे वाकडे झालेले ओठ नव्याने वाचायला शिकावं लागलं. मामा म्हणाले, "तुम्ही शिका, मीही शिकतो."

बरे होऊन आल्यावर ते पहिल्यांदा माझ्या दादाकडे गेले. पुडी एकच होती ना दोघांची! "चल, दाखवून घे." दादा म्हणाला, "मला कुठे काय दुखतंय?"

सुरुवातीला दुखत नाही. हेच तर त्याचं कपट.

दादा दुखायला लागल्यावर गेला. फार उशीर झाला होता. शेवटी आवाज उरला नाही, तेव्हा घरातल्या शांततेत तो माझ्याशी खात्यातल्यासारखा ओठांनी बोलायचा. आज त्याच्या मागावर दुसरा भला माणूस उभा असतो. पण माग सुरू झाले, कान बंद झाले, की माझी नजर तिकडे जाते आणि मला दादाचे ओठ हलताना दिसतात. काय म्हणतोय ते कळत नाही. मी नजर खाली घेते आणि कापड बघते.

हे निरोपाच्या दिवशी बोलायचं असतं का? नसतंच. पण मामांना विचारलं, तुम्हाला भेट काय देऊ? ते म्हणाले, "तुझा धाकटा भाऊ दे. उद्या दवाखान्यात नेतो."

तो तिसऱ्या रांगेत बसलाय. अरे, मान खाली घालू नकोस, बहीण आहे मी तुझी. परवा घरी विचारलं, तर तू म्हणालास, "ताई, दुखत नाही गं." तेच शब्द. मघाशी सगळे पोट धरून हसले, तेव्हा मी इथून तुझ्याकडे बघत होते. तू हसलास ते ओठ मिटून.

आत्ता काहीतरी बोललास. हो म्हणालास की नाही? राजा, मला वाचता आलं नाही रे. तुझं तोंड उघडतच नाहीये.

मामा, कुठे निघालात? अजून शाल द्यायचीय तुम्हाला... बरं. जा. साहेब, त्यांना जाऊ द्या. त्या रांगेत जरा जागा करा, मामांना त्याच्या शेजारी बसू द्या.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला इथे उभं केलं, सर्वांची मी ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी अवेळी काही बोलून गेले असेन, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. पुढचं बोलायला मामांना बोलावणार होते. पण ते आता तिकडे बोलताहेत. त्यांचं होईपर्यंत थांबूया.