छप्पर कुणालाच सुचलं नाही

...आणि वर मलाच विचारतात, "अगं, मग आधी का नाही बोललीस?" आधी! ऐकलंत? तुम्हाला सांगते, या घरात येऊन मला पन्नास दिवस झाले होते, आणि पन्नास दिवसांत मी सुरू केलेलं एकही वाक्य मला संपवू दिलेलं नाही कुणी. मी म्हणायचं, "मला वाटतं..." की सासूबाई म्हणणार, "पंखा कमी करायचा, हो ना? कर कर!" आणि नवरा म्हणणार, "नाही गं आई, तिला झोप आलीय." मग मी पंखा कमी करायची आणि झोपायला जायची. दुपारी तीन वाजता! काय करणार? मी गप्प. नवीन सून ना मी!

तर गोष्ट माझ्या गिनीपिगांची. दोघी बहिणी. एक थोरली, एक धाकटी, हीच त्यांची नावं. बाकीच्या मुली लग्नात माहेराहून काय काय आणतात, मी या दोघी आणल्या. चॉकलेटी रंग, गोलमटोल, आकार म्हणाल तर घडी घातलेल्या लोकरी टोपीएवढा. टोपी लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे. आणि शेपूट अजिबात नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात डोकावून निकाल दिला, "उंदीर आहेत."

"आई, उंदराला शेपूट असते," नवरा म्हणाला.

"गळली असेल."

झालं! मिटला विषय!

पिंजरा आमच्या खोलीत, पण वाळलेलं गवत काय खोलीत थांबतं थोडंच? ते चादरींत गेलं, पायपुसण्यात गेलं, आणि एके सकाळी सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत निघालं. आता सासूबाई म्हणजे पंचवीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेल्या! जमिनीवरचा दोरा ज्यांना उभ्याउभ्या दिसतो, त्यांच्या डबीत काडी! त्यांनी ती काडी दोन बोटांत धरून मला दाखवली आणि म्हणाल्या, "हे बघ. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत यांची मागच्या अंगणात सोय झाली, दिवसा बाहेर आणि रात्री आत, तर राहू देत. नाही झाली, तर सोमवारी माहेरी पाठव."

माहेरी! अहो, माहेरी माझ्या वहिनीने नुकताच कुत्रा पाळलाय. तोही शिकारी जातीचा. सोमवारी पोचल्या असत्या तर मंगळवार काही दोघींनी बघितला नसता! सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर? काही नाही. मी गप्प. नवीन सून ना मी!

पण सासऱ्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यांनी जन्मभर पुलांचे नकाशे काढले, आणि निवृत्त झाल्यापासून घरात कुणालाच पूल नको होता. आता मिळालं काम! टेप घेऊन आले, थोरलीला टेबलावर ठेवलं, नाकापासून मागपर्यंत मापलं, "बावीस सेंटिमीटर!" धाकटीला मापलं, तिने टेप खाल्ली. तीन कागद भरून नकाशा. पाया! त्यांचं एकच पालुपद, "हे प्राणी खणतात सूनबाई, खणून पळतात!" आता गिनीपिग काही खणत नाहीत हो, ससे खणतात. मी सांगणार होते, "बाबा, त्या..." की ते म्हणाले, "बरोब्बर, दीड फूट खोल!" आणि चर खणायला नवरा.

आमचे हे दवाखान्यात एक्स-रे काढतात. माणसाच्या आतलं हाडन् हाड यांना दिसतं. डोक्यावरचं दिसत नाही. कारण शनिवारी दुपारी चरात विटा रचून झाल्या, भोवती पातळ जाळीचं कमरेएवढं कुंपण उभं राहिलं, कोपरे काटकोनात, आणि वर? वर मोकळं आकाश!

आणि भिंतीवर मुकादम बसलेला. शेजारचा बोका. आम्ही त्याला मुकादम म्हणतो, कारण चर खणायला घेतल्यापासून तो भिंतीवर बसून सगळं काम नजरेखालून घालत होता. एकदा कुंपणाकडे बघायचा, एकदा आमच्या खिडकीतल्या पिंजऱ्याकडे बघायचा, आणि ओठांवरून जीभ फिरवायचा. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "अहो, वरून..."

"वरून काय? त्या काय उडतात?" आणि बापलेक जे हसले!

मी गप्प. पण तुम्हाला सांगते, गप्प बसायचेही प्रकार असतात. हा वेगळा होता. मी पिशवी घेतली आणि हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"कोंबड्या किती, ताई?" दुकानदार म्हणाला.

"कोंबड्या नाहीत."

"ससे?"

"नाही."

"मग बंदोबस्त कुणाचा करायचाय?"

"मांजराचा. आणि घारीचा."

त्याने मोठ्या भोकांची पातळ जाळी परत ठेवली. "ही कोंबडीला आत ठेवते, ताई. मांजराला बाहेर नाही ठेवत." आणि आतून काढली ती जाड तारेची, चौकोनी, भोकात करंगळी जाणार नाही अशी. बघा, अनोळखी माणूस, पण वाक्य पूर्ण करू दिलं हो त्याने! मला भरूनच आलं. गुंडाळी आणली, पलंगाखाली सरकवली.

रविवार उजाडला. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणापाशी उभे. "आणा दोघींना! होऊ दे उद्घाटन!" नवरा पिंजरा उचलायला निघाला. आता बोलले तर कुणीतरी वाक्य संपवणार, नाही बोलले तर मुकादम सगळंच संपवणार! मग मी काय केलं? खुंटीवरची सासऱ्यांची तपकिरी लोकरी टोपी घेतली. घडी घातली. कुंपणात वाकून गवतावर ठेवली, आणि बाजूला झाले.

एक... दोन...

तीन म्हणायला वेळच नाही! भिंतीवरून तपकिरी टोपीवर मुकादम असा पडला, की काय सांगू! टोपी दातांत, उडी कुंपणावर, कुंपणावरून भिंतीवर, भिंतीवरून पसार! दीड फूट पाया जिथल्या तिथे. सासऱ्यांचा हात आपोआप डोक्याकडे. नवरा दारात पिंजरा पोटाशी धरून, आणि आत त्या दोघी काकडी खातायत, कुडुम कुडुम.

"वरून," मी म्हणाले.

आणि पन्नास दिवसांत पहिल्यांदा, अहो पहिल्यांदा, कुणीच काही पुढे जोडलं नाही!

मग काय! मी सुटलेच. "बाबा, तुम्ही चौकट कापा. अहो, तुम्ही जाळी आणा, पलंगाखाली आहे. नाही, ती बाजूची पातळ काढून टाका, सगळीकडे हीच. दाराला दोन कड्या. अर्ध्या छपरावर ताडपत्री, ऊन लागतं त्यांना. लपायला खोका, खोक्याला दोन तोंडं, म्हणजे एकीने वाट अडवली तर दुसरी अडकत नाही. आणि या गवतावर तणाचं औषध कधी मारलंय का? नाही? नक्की?" सासरे "हो सूनबाई, नाही सूनबाई" म्हणत वहीत लिहून घेत होते!

पाच वाजता नवरा रांगत आत गेला, खोका ठेवायला. दार मागून मिटलं, कडी पडली. आणि नेमका मुकादम आला! टोपीने भूक भागली नसावी. उडी मारली ती थेट छपरावर. जाळी जरा दबली, आणि तशीच राहिली. वर बोका, खाली नवरा, मध्ये एक वीत अंतर.

"अगं, उघड ना! हा बघतोय माझ्याकडे!"

मी गप्प. एक मिनिटभर. छप्पर किती वजन घेतं ते बघायला नको?

सहाच्या ठोक्याला सासूबाई आल्या. एकेक कोपरा ओढून बघितला, बाहीची शिवण तपासावी तसा. "टाके घट्ट आहेत," म्हणाल्या. मी दोघींना गवतावर सोडलं. क्षणभर दगड. मग धाकटीने जागच्या जागी अशी उडी मारली, चारी पाय हवेत! मग थोरलीने! सासूबाई बघतच राहिल्या. उरलेल्या काकडीचा तुकडा त्यांनी दाराच्या फटीतून दोन बोटांनी पुढे केला, आणि दोघी काय शिट्ट्या मारत धावल्या! "अगंबाई, या बोलतात की माझ्याशी! उंदीर कुठे असे बोलतात?"

जिंकले! सोमवारी कुणी कुठे गेलं नाही. आता तर सकाळी सासूबाईंची चप्पल वाजली की अंगणभर शिट्ट्या, सासऱ्यांची टेप दिसली की शिट्ट्या, नवऱ्यालाही, त्या चर खणणाऱ्यालाही, शिट्ट्या!

आणि मी? जाळी मी आणली, छप्पर मी घातलं, गवत मी बदलते. मी गेले की दोघी मान वर करतात, शांत बघतात, आणि चावत राहतात. एक शब्द नाही! बरोबरच आहे म्हणा, गोड बोलायचं ते सासरच्यांशी... शेवटी माझ्याच माहेरच्या ना!