धोटा जांभया देत नव्हता

हर्षदा : एक्केचाळीस.

दगा : काय म्हनस?

हर्षदा : पप्पा, आत्ताच सांगितलं. सोमवारपासून आजपर्यंत धोटा एक्केचाळीस वेळा भुंकला. एकदा सुरू झाला की थांबेपर्यंत ती एक वेळ धरली आहे. एकेक 'भो' मोजला असता तर वही पुरली नसती.

भागीरथी : कुत्रा केवढा? माझ्या मसाल्याच्या डब्याएवढा. आवाज एसटीच्या हॉर्नचा.

दगा : लहान मशीन जास्त वाजतं. सगळ्यांना माहीत आहे.

भागीरथी : नाव तरी बरोबर ठेवलंय. मागावरचा धोटा कसा, या टोकाकडून त्या टोकाला? तसा हा दारातून गॅलरीत, गॅलरीतून दारात. कापड मात्र निघत नाही. आणि ही आमची पोरगी! एम.एस्सी. झाली, दिवसभर मिलच्या लॅबमध्ये रंग तपासते आणि घरी येऊन कुत्र्याची वही लिहिते.

हर्षदा : मम्मी, नोटीस वाचलीस ना? पुढच्या रविवारी पाच वाजता सेक्रेटरी छगनभाई स्वतः येणार. अर्धा तास बसून बघणार. कुत्रा शांत वाटला तर ठीक, नाहीतर बिल्डिंगच्या बाहेर.

भागीरथी : मग माझ्या हेमराज भाऊकडे बारडोलीला पाठवू. त्यानं हो म्हटलंय. उसात सोडा, भुंकू दे कोल्ह्यांवर.

दगा : कोल्हे खातील त्याला.

भागीरथी : याला? कोल्हेच बिऱ्हाड बांधून निघतील.

हर्षदा : पप्पा, मला एक कळत नाही. तुम्ही याला आणलंत तेव्हा हा भुंकतो हे लक्षात कसं आलं नाही?

दगा : भुंकतच नव्हता! कारखान्याच्या गेटवर कोणीतरी सोडून गेलं होतं. माझा कामाचा शेवटचा आठवडा. आठ दिवस माझ्या मशीनपाशी, सुताच्या खोक्यात बसायचा. मी नीट पारखून घेतला. इतकं गरीब कुत्रं! नुसता जांभया द्यायचा.

हर्षदा : जांभया?

दगा : दिवसभर. तोंड उघडायचा, मिटायचा. उघडायचा, मिटायचा. मला वाटलं, नवीन जागा, झोप होत नसेल बिचाऱ्याची.

हर्षदा : पप्पा, कारखान्यात मशीनं किती?

दगा : बहात्तर.

हर्षदा : चालू?

दगा : मग काय पूजेला मांडलेली?

हर्षदा : बहात्तर मशीनं चालू असताना तुमच्या पायाशी बसलेला कुत्रा तोंड उघडतोय, मिटतोय…

भागीरथी : अगं माय!

दगा : म्हणजे आठ दिवस तो…

हर्षदा : हो. आठ दिवस.

भागीरथी : आणि घरी येऊन मला काय सांगितलं? 'हर्षदानी माय, मुका शे बिचारा, दया कर.' लोक निवृत्तीला घड्याळ आणतात, यांनी कुत्रा आणला. आणि मी मूर्ख! कानबाईला नवस बोलले, मुक्या जिवाला वाचा दे म्हणून. पाच मिनिटांत पावली!

हर्षदा : तू नवस बोलली होतीस?

भागीरथी : नारळ पण फोडला. आता परत कुठल्या तोंडानं जाऊ, थोडी कमी कर म्हणून?

हर्षदा : बरं, पुढचा रकाना ऐका. पप्पा बाहेर असताना तेरा वेळा भुंकला. सरासरी बावीस सेकंद. पप्पा घरात असताना अठ्ठावीस वेळा. सरासरी तीन मिनिटं.

दगा : काय म्हनस?

हर्षदा : तुम्ही घरी असलात की तीन मिनिटं!

दगा : जीव आहे त्याचा माझ्यावर.

हर्षदा : तो भुंकायला लागला की तुम्ही काय करता?

दगा : काय करणार? 'चूप बस' म्हणतो.

भागीरथी : 'म्हणतो'! परवा यांचं 'चूप बस' ऐकून खालच्या उज्ज्वलाबाईंनी मिक्सर बंद केला.

हर्षदा : मी फोनवरच्या ॲपनं मोजलं. ॲप आहे, थोडं इकडेतिकडे होईल. पण फोन एकाच जागी ठेवला होता. धोटा अठ्ठ्याऐंशी डेसिबल. तुम्ही एक्क्याण्णव.

दगा : म्हणजे पहिला नंबर माझा?

हर्षदा : पप्पा, त्याला मराठी येत नाही. अहिराणीही येत नाही. दारावर कोणी आलं म्हणून तो भुंकतो, तेवढ्यात मागून त्याच्याहून मोठा आवाज येतो. त्याला वाटत असणार, आता हेही भुंकायला लागले, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. हा माझा अंदाज आहे. पण आकडे त्याच्याच बाजूनं आहेत.

दगा : म्हणजे मी भुंकतो?

भागीरथी : मी सव्वीस वर्षं सांगतेय. वही नव्हती माझ्याकडे.

दगा : बत्तीस वर्षं मशीनवर उभा राहिलो. तिथं हळू बोललं तर स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही. सुटी झाली म्हणून आवाज काय गेटवर जमा करून यायचा?

हर्षदा : तुमची चूक नाही म्हणत मी. पण कान तरी तपासून घ्या.

दगा : कानाला काय झालंय? लोकच हळू बोलायला लागलेत.

भागीरथी : एवढा जीव लावायचाच कशाला मी म्हणते.

दगा : काय म्हनस?

भागीरथी : म्हटलं, एवढा जीव लावायचा कशाला!

दगा : कशाला काय?

भागीरथी : जाऊ द्या. काही नाही.

दगा : हे बघ. हेच. सगळे दोनदा सांगतात. तिसऱ्यांदा 'जाऊ द्या, काही नाही.' तू, ही, पानवाला, बँकेतला तो पोरगा, सगळे. हा एकटा तिसऱ्यांदाही सांगतो. दहाव्यांदाही सांगतो. बारडोलीला नाही जायचा तो.

भागीरथी : चहा ठेवते.

हर्षदा : पप्पा, तो राहिला तर कान तपासायचे. कबूल?

दगा : राहिला तर.

हर्षदा : मग आजपासून एक नियम. तो भुंकत असताना कोणी तोंड उघडायचं नाही.

दगा : तोंड नाही उघडलं तर त्याला कळणार कसं?

हर्षदा : तेच मी विचारणार होते. बहात्तर मशीनं चालू. तुम्ही इथं, गजेंद्रकाका पार तिकडच्या रांगेत. त्यांना काही सांगायचं असलं तर काय करायचात?

दगा : हात करायचो. त्यात काय? हे बघ, दोन बोटं अशी तोडली की 'तार तुटला', म्हणजे धागा. अंगठा तोंडाकडे नेला की 'चहा.' पोटावरून असा गोल हात फिरवला की 'शेठ आला.' आणि तळवा असा खाली दाबला की 'मशीन बंद.'

भागीरथी : 'शेठ आला'ला पोट?

दगा : तू शेठ पाहिला नाहीस.

धोटा : भो! भो भो भो! भो!

भागीरथी : आला वाटतं दूधवाला.

दगा : चू—

हर्षदा : पप्पा! हात!

धोटा : भो! भो…

हर्षदा : पाहिलंत? तुमच्या हाताकडे बघितलं त्यानं. दोन सेकंद गप्प होता.

धोटा : भो!

हर्षदा : असू दे. दोन सेकंद लिहिते. मम्मी, भाकरीचा तुकडा दे. हात पाहून गप्प झाला की लगेच तुकडा. एका क्षणाचाही उशीर नको, नाहीतर तुकडा कशाबद्दल मिळाला ते त्याला कळणार नाही. आणि दिवसातून दोनदा त्याला दमवायचं. घरात कोंडलेली ताकद तोंडातूनच बाहेर पडणार.

दगा : पहिली पाळी सकाळी सहाला, भेस्तान स्टेशनापर्यंत. दुसरी संध्याकाळी. आठ मशीनं सांभाळायचो मी, दिवसभर चालणंच चालणं. घरी बसून माझेही पाय आखडलेत.

भागीरथी : हे बरं झालं. एका खर्चात दोघं दमतील.

(पुढच्या आठवड्यातला रविवार. संध्याकाळचे पाच वाजले आहेत. दाराची बेल वाजते, दार उघडतं.)

छगनभाई : केम छो दगाभाई? येऊ ना आत? … बसतो हां इथं. … तो कुठं आहे, आपला पैलवान? … अरे! हा तर बसलाय. … भाभी, मजामां? … पोटात दुखतंय काय भाभी? हात फिरवताय ते… नाही? मग ठीक. … अंगठा? अंगठा तोंडात म्हणजे? … अच्छा, चा! चालेल, चालेल. अर्धीच. …

दगाभाई, काही बोला ना. … हर्षदाबेन, तुम्ही तरी बोला, शिकलेल्या आहात. … घरात काही झालं काय? … माझ्या नोटिशीवरून? … हे बघा, मी फक्त सही केली. मजकूर कमिटीचा आहे. … असं नका बघू हो. कुत्रा पण तसाच बघतोय. … आमच्या घरी एकदा चार दिवस कोणी बोललं नव्हतं. सोफ्याच्या रंगावरून. शेवटी मीच म्हटलं, घ्या तुमचा जांभळा. …

अरे माफ करा, माझा फोन वाजतोय—

धोटा : भो! भो!

छगनभाई : हां, पछी फोन करूं, नंतर… अरे? थांबला? दोनात थांबला? … दगाभाई, तुम्ही फक्त हात खाली केला! पंखा बंद करावा तसा बंद झाला! … आणि लगेच भाकरी. वाह. … माझ्या नातवावर चालेल काय हे? … भाकरी नाही खात तो. बरं. …

चा फर्स्ट क्लास, भाभी. मी लिहून टाकतो, कुत्रा शांत आहे. राहू द्या त्याला. घरचे लोक जरा जास्त शांत आहेत, ते नाही लिहीत. … दगाभाई, मोठ्या भावासारखं सांगतो, बोलून टाकावं माणसानं. मनात नाही ठेवायचं. … आवजो.

भागीरथी : गेला?

हर्षदा : थांब, लिफ्टचं दार लागू दे. … गेला.

दगा : राहिला! धोटा राहिला!

धोटा : भो! भो भो भो भो भो!

हर्षदा : पप्पा!

दगा : चू… हां, हां. हात. हा बघ हात. बघ रे राजा.

धोटा : भो…

हर्षदा : चार सेकंदांत गप्प. पप्पांसकट.

भागीरथी : धोटा बिथरू नये म्हणून आपण तोंड मिटलं, त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण भांडलोय. इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच होती या घरात. मला तर करमेना.

हर्षदा : पप्पा, मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे. कबूल केलंय तुम्ही.

दगा : केलंय ना. जाऊ. तिथं पण मशीनच असेल, आपल्याला सवय आहे.

भागीरथी : आणि हेमराज भाऊला फोन करते. म्हणावं, कोल्ह्यांची काळजी मिटली.

दगा : काय म्हनस?

भागीरथी : म्हटलं, कोल्ह्यांची काळजी मिटली!

दगा : कोणाची?

भागीरथी : जाऊ द्या, काही ना… थांबा. इकडे बघा. कोल्ह्याला हात कसा करायचा, तेवढं सांगा आधी.