दुसऱ्या भागात न चालणारं सोनं

वीरेशचं गेममधलं सोनं बुडालं. ते बुडालंच नाही असं धरून राजारामपुरीतल्या सायबर कॅफेच्या रांगेत त्याचा धाकटा भाऊ अमरेश मित्राशी बोलत होता.

"अतुल, अण्णानं लांडगं मारून साठवलेलं सोनं गेमच्या दुसऱ्या भागात न्यायचं हाय."

"न्हाय चालत. नव्या सीडीत शून्यापासनं सुरुवात."

"राजा तोच हाय की."

"राजा तोच, तिजोरी नवी."

"लांडग्याच्या पोटातलं सोनं चालतंय, आणि माझ्या अण्णाचं चालत न्हाय?"

"मग जुन्या भागातच तलवार घेऊन टाक."

"तलवार अण्णा घेणार हुता. दवाखान्यातनं आल्यावर."

"अमऱ्या, त्याच्या मातीला आपण दोघं गेलतो की."

"व्हय. म्हणून अर्ज सांगतो, नंबर लागला की तू टाइप कर. मा. राजेसाहेब, वीरेश यांचे सोने दुसऱ्या भागात वर्ग करावे, आणि ते स्वतः हजर होईपर्यंत लांडगे थांबवावेत, ही नम्र विनंती."