आबांनी निवडलेला मोडेम

माझी दुबईची नोकरी घालवली ती आमच्या आबांनी. हे माझे थोरले चुलते. फौजेत सिग्नलला, म्हणजे वायरलेस सेटवर होते, म्हणून घरातली सगळी अक्कल त्यांच्याकडंच. कॉलेज सोडलेल्या माझं कोण ऐकतंय?

मुलाखत इंटरनेटच्या फोनवर होणार होती. सांगलीचा दुकानदार म्हणाला, "हा छोटा मोडेम घ्या, बोलणं तुटत नाही."

आबांनी दोन मोडेम दोन हातांत तोलले. "ह्यो जड हाय, ह्योच दे. हलक्यात काय दम असतोय व्हय रं?"

मुलाखतीत साहेबाचा आवाज तुकड्यातुकड्यानं यायला लागला. आबांनी माझ्या हातातला माइक ओढला आणि गरजले, "साब, खराबी आपके तरफ है! सेट बदली करो!"

साहेबानं तिथंच फोन तोडला. नोकरी गेली. पासपोर्ट अजून कोरा आहे.