तळहाताएवढी जागा

हसा लेकहो, पण आधी आयका.

पाठ धरली म्हणून मी कळंबले गेलतो, तिथल्या मालिशवाल्या काकाकडं. त्यानं अर्धा घंटा तेलानं रगडलं. मंग कापसाचा बोळा घेतला आन् पाठीवरून इतका हलका फिरवला, का सर्रकन काटा आला.

"काटा आला का समजाचं, कातडी जागी आहे," काका म्हणे.

डाव्या खांद्यावर तो थांबला. पुन्हा बोळा फिरवला.

"भाऊ, इथं काटाच नाही येऊन राह्यला. तळहाताएवढी जागा आहे."

"बधिर झाली काय?"

त्यानं चिमटा घेतला. मी कळवळलो.

"बधिर नाही. हिले हाताची सवय आहे. वहिनी झोपेत इथं हात ठेवत असन."

"ठेवे ना. पण तिले जाऊन तीन वर्सं झाले, काका."

काकानं बोळा खाली ठेवला. हळूच म्हणे, "सवय तर महिन्याभरात मोडते, भाऊ. मंग रोज कोण ठेवून राह्यलं?"

म्या सदरा घातला आन् निघालो.

तवापासून मी उजव्या कुशीवरच झोपतो. डावा खांदा मोकळा पाहिजे ना.