चिंचेचा ठोकळा आणि रबरी चेंडू

...आणि वर डॉक्टर म्हणतो कसा, "रोज दोनशे वेळा दाबा!" आता तुम्हीच सांगा, एकोणसाठ वर्षांच्या माणसानं दुपारभर पायरीवर बसून रबरी चेंडू दाबायचा? हिरवा चेंडू, वर बदकाचं चित्र! रस्त्यानं जाणारं पोर थांबून विचारतं, "आजोबा, खेळायला देता का?" काय सांगणार त्याला, बाबा रे हे माझं औषध आहे?

तुम्हाला सांगतो, हा डावा हात म्हणजे असातसा हात नाही. मी डावखुरा. तालिसाय गावात आमच्या गल्लीत एकतीस वर्षं ह्या हातानं लेचोन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, तोडलंय मी. निखाऱ्यावरनं अख्खं डुक्कर उतरलं, केळीच्या पानावर आलं, की बायको नुसतं म्हणायची "सितो", आणि माझा सत्तूर सुरू... टक-टक-टाक, टक-टक-टाक, दोन हलके, एक भारी. लोक आवाज ऐकून ताटं घेऊन यायचे, हाक मारायची गरजच नाही. आणि जानेवारीत, ऐन गिऱ्हाइकात, टक-टक झालं आणि 'टाक' आलंच नाही. सत्तूर पायाशी, तोंड वाकडं, हात लोंबकळतोय. तोंड आठवड्यात सरळ झालं. ते झालंच असतं, बायकोला उत्तरं द्यायची असतात. हात मात्र रुसला तो रुसलाच.

मग सत्तूर कुणाकडे गेला? जावयाकडे. जर्विन. मुलगा सोन्यासारखा आहे, माझं काही म्हणणं नाही, पण तो लेचोन असं तोडतो जसं काही डुक्कर अजून जिवंत आहे आणि त्याला लागेल. आणि कशावर तोडतो? पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटावर! माझा चिंचेच्या बुंध्याचा ठोकळा, परातीएवढा गोल, हातभर जाड, एकतीस वर्षांची चरबी प्यालेला, तो पडला कोपऱ्यात, त्यावर कोंबडी बसायला लागली. ते बघून जे वाटलं ना, ते हात गेला तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

त्यात नातीचा बाप्तिस्मा ठरला ईस्टरच्या रविवारी. आता आमच्यात पहिल्या नातवंडाचं लेचोन आजोबानं तोडायचं. मी म्हटलं, "मी तोडणार." कोन्सिंग... कोन्सिंग म्हणजे आमची बायको, दुकान तिचं, डुक्कर तिचं, निखारे तिचे, माझा फक्त सत्तूर होता... तिनं माझ्याकडे वर बघितलं पण नाही. म्हणाली, "नळापासनं टेबलापर्यंत काठोकाठ भरलेला ग्लास डाव्या हातात घेऊन ये. सांडला नाही तर सत्तूर तुझा. नाहीतर जर्विन तोडेल. पाहुण्यांसमोर तुझं बोट तुटलेलं मला चालायचं नाही." झालं. ती एकदा बोलली की चर्चचा पाद्रीसुद्धा फेरविचार करा म्हणत नाही.

आता डॉक्टर म्हणाला होता, चेंडू दाबा. मुकाट्यानं दाबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी गेलो इन्स्योकडे.

इन्स्यो आमच्या मागच्या गल्लीतला म्हातारा बॉक्सर. जिंकला किती ते विचारू नका, पण उठला प्रत्येक वेळी. तो म्हणाला... त्याचं नाक तीनदा मोडलंय, त्यामुळे तो बोलतो ते पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखं येतं... "चेंडू? तू काय बाळ आहेस? माझ्याकडे जुनी थैली आहे. ती टांग आणि वाजव. हात जागा होतो की नाही बघ." थैली म्हणजे ती हो, नारळाएवढी, चामड्याची, आत हवा, बॉक्सर लोक डोक्यावरच्या गोल फळीखाली टांगून वाजवतात ती. मी विचारलं, फळी कशी पाहिजे? म्हणाला, "जाड. जड. हलली नाही पाहिजे. जितकी जड तितका आवाज गोड."

जड, जाड, गोल. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल?

कोन्सिंग ओरडली, "अरे तो ठोकळा आहे, झुंबर आहे का टांगायला?" पण मी ऐकतोय कसला. मागच्या पडवीला नारळाच्या लाकडाची तुळई आहे, तिला टांगायचं ठरवलं. ठोकळा उचलायला चार माणसं. एकानं खाली धरलाय, दुसरा म्हणतोय माझ्या बाजूला जास्त जड आहे... गोल ठोकळ्याला कुठली आली जास्त जड बाजू? थैली सगळीकडे फिरली पाहिजे म्हणून ट्रायसिकलच्या चाकाचं बेअरिंग घातलं मधोमध. बोल्ट घातले आठ. आणि जावई फार मनापासून काम करतो, हे आमचं दुर्दैव. त्यानं आठही बोल्टांची टोकं वरनं हातोड्यानं ठेचून चपटी केली. "बाबा, आता भूकंप झाला तरी हे निघायचं नाही." मी पाठ थोपटली त्याची. ह्या हातानं, डाव्या हातानं, थोपटायला गेलो तर लागलं त्याच्या कमरेला, पण भावना पोचली.

सगळं झाल्यावर इन्स्यो आला, बघितलं, म्हणाला, "थैलीचा फुगीर भाग हनुवटीसमोर यायला पाहिजे. ही कुणाच्या हनुवटीचं माप घेऊन लावलीय?" जर्विनच्या! ठोकळा धरून तो उभा, मी खालनं खूण सांगतोय, आणि तो सहा फुटी. मी त्याच्या खिशाला लागतो. आता उतरवायची सोय नाही. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, मी सरबताच्या बाटल्यांच्या लाकडी खोक्यावर उभा राहून व्यायाम करतो. डॉक्टर म्हणाला होता चेंडू दाबा. चेंडूला खोकं लागत नाही.

आणि ती थैली! लांबनं बघितली तर गरीब गाय. मी पहिला ठोसा मारला, ती गेली, फळीवर आपटली, परत आली आणि माझ्या नाकावर बसली. दुसरा मारला, ती कपाळावर. तिसऱ्या वेळी मी मारलाच नाही, नुसता बघत उभा राहिलो, तरी आली. इन्स्यो खाली बसून भाजलेलं मक्याचं कणीस खातोय आणि म्हणतोय, "मारू नको रे. दार वाजव. पावणा आल्यासारखं वाजव. एकदा वाजवलंस की ती तीनदा आपटते, पुढं, मागं, पुढं. तिसऱ्यानंतर परत दार वाजव. डोळ्यानं बघशील तर मरशील. कानानं ऐक."

कानानं ऐक म्हणे. उजवा हात चार दिवसांत शिकला. डावा? डावा खांद्यापर्यंत यायचा आणि तिथंच विचार करत बसायचा. तोवर थैली तीनदा येऊन, वाट बघून, निघून गेलेली. एक आठवडा, दोन आठवडे... बोटं मिटायची तर मनगट पडायचं, मनगट धरलं तर बोटं उघडायची. एक दिवस खोक्यावरनं उतरलो आणि पडवीत बसून रडलो, खोटं कशाला सांगू? कोन्सिंग आली. मला वाटलं आता बोलणार. तर तिनं थैलीखालचं खोकं जरा सरळ केलं, एक कोपरा डुगडुगत होता त्याच्याखाली पुठ्ठा घातला, आणि गेली. चेंडू मी त्याच दिवशी भिरकावून दिला. शेजारच्या कुत्र्यानं तो उचलून नेला.

कुत्रा कुठनं आला विचारा. अहो, एकतीस वर्षांची चरबी! पत्र्याखाली दुपारी ऊन तापलं की ठोकळ्याला घाम फुटायचा. ठोसा बसला की भाजल्या कातडीचा, लसणाचा, गवती चहाचा असा वास सुटायचा पडवीभर. मी व्यायाम करतोय आणि समोर पाच कुत्री ओळीनं बसलीत, मान वर करून, तुकडा पडेल म्हणून.

आता ऐका पवित्र शुक्रवारचं. ईस्टरला दोन दिवस राहिले. त्या दिवशी आमच्याकडे मोठ्यानं बोलत नाहीत, हातोडी धरत नाहीत, मांस तर तोंडात सोडा, मनातसुद्धा आणायचं नाही. सकाळपासनं अख्खा गाव नारळाच्या दुधातल्या रताळ्याकेळ्याच्या खिरीवर. गल्लीतल्या सोतेरामावशीचं भजनी मंडळ कोपऱ्यावरच्या छोट्या चर्चमध्ये भोंगा लावून प्रभूच्या दुःखाचं गाणं म्हणतंय. मी म्हटलं, एवढ्या भोंग्यात माझी थैली कुणाला ऐकू येतेय? आणि दोन दिवस वाया घालवून चालणार नव्हतं. चढलो खोक्यावर.

आणि काय झालं कुणास ठाऊक, मी डोळे मिटले. थैली, मूठ सगळं विसरलो, मनात म्हटलं, समोर लेचोन आहे, दोन हलके, एक भारी... आणि डावा हात उठला. हो! आपणहून उठला आणि गोल फिरला आणि बरोबर तिसऱ्यानंतर दार वाजवलं. टक-टक-टाक. परत. टक-टक-टाक, टक-टक-टाक, माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहतंय, हात थांबत नाहीये, वास दरवळतोय, कुत्री भुंकतायत... आणि माझ्या लक्षात आलं नाही की भोंगा बंद झालाय. दुपारचे तीन. प्रभूनं प्राण सोडायची वेळ. गावात टाचणी पडली तर ऐकू येईल, आणि त्या शांततेत माझ्या पडवीत सणसणीत लेचोन तुटतंय!

डोळे उघडले तर सोतेरामावशी दारात. काळी ओढणी, हातात जपमाळ. "सितो! पाप्या! देव क्रुसावर आहे आणि तू डुक्कर तोडतोस? हात झडेल तुझा!" मी म्हटलं, "मावशी, ही थैली आहे." ती म्हणाली, "मला आवाज कळत नाही? एकतीस वर्षं ऐकतेय." मागं पंचवीस माणसं, सगळ्यांचे चेहरे दुःखी. आणि हेर्मो, आमचा शेजारी, त्या मंडळात सगळ्यांत मोठ्यानं गाणारा, तो दोन्ही हात पाठीमागं धरून उभा. मी विचारलं, "हेर्मो, पाठीमागं काय आहे?" म्हणतो, "काही नाही, चौकशीला आलो होतो." "ताट घेऊन?" "घाईत हातात राहिलं."

मी ठोकळा दाखवला, थैली दाखवली, वाजवून दाखवली. आणि तुम्हाला सांगतो, त्या पंचवीस लोकांना पाप झालं नाही ह्याचा आनंद व्हायला हवा होता की नाही? एकाच्या तोंडावर नाही. मावशी ठोकळ्याखाली उभी राहिली, नाक वर केलं, चांगला तीनदा वास ओढला, मग क्रूस काढला छातीवर आणि म्हणाली, "तरी पण हात झडेल." डॉक्टर म्हणाला होता, चेंडू दाबा. चेंडू दाबल्याबद्दल आजवर कुणी शाप दिल्याचं ऐकिवात नाही.

आणि शनिवारी हात खरंच उठेना हो. दुखत असेल, पण माझ्या डोक्यात मावशी. रात्र काढली कशीबशी.

रविवारी सकाळी चर्चमधनं आलो, अंगणात तीस पाहुणे, लेचोन पानावर, कातडी अशी काचेसारखी. कोन्सिंगनं नळाखाली ग्लास धरला. ही बाई आयुष्यात कधी अर्धवट भरत नाही, चहाचा कपसुद्धा बशीत सांडेपर्यंत भरते. आणि त्या दिवशी तिनं नळ दोन बोटं आधीच बंद केला. मी बघितलं. तिनं बघितलं मी बघितलं ते. मी म्हटलं, "भर अजून." तिनं भरला. मी घेतला. डाव्या हातात. नळापासनं टेबलापर्यंत अकरा पावलं आहेत, मी रात्रीत दहा वेळा मोजलीत. आठव्या पावलावर दोन थेंब पडले. दोन. कोन्सिंग पुढं आली, त्या थेंबांवर चप्पल ठेवून उभी राहिली, आणि पाहुण्यांकडे बघून म्हणाली, "एक थेंब नाही." आणि सत्तूर दिला माझ्या हातात.

तुम्हाला काय सांगू त्या क्षणी... मी सत्तूर उचलला, रुबाबात म्हटलं, "जर्विन, ठोकळा आण."

सगळे पडवीकडे, वर बघायला लागले.

अर्धा तास जावई शिडीवर, पाना घेऊन, घामाघूम. एक बोल्ट हलला नाही. भूकंप परवडला. इकडे कातडी मऊ पडायला लागलेली, आणि कातडी मऊ पडली की लेचोन गेलंच म्हणायचं. शेवटी काय? तो पांढरा प्लास्टिकचा पाट! एकतीस वर्षं चिंचेवर तोडलं आणि नातीचं लेचोन तोडलं प्लास्टिकवर. पण तोडलं. डाव्या हातानं तोडलं, शेपटीपासनं कानापर्यंत, एक तुकडा वाकडा नाही. फक्त आवाज... फट-फट-फाट. ओलं धुणं आपटल्यासारखा.

पहिलं ताट सोतेरामावशीला दिलं, म्हटलं बघ, झडला का हात? तिनं चावलं, चघळलं, विचार केला. "चव नाही रे. शुक्रवारी चांगलं लागत होतं." हेर्मोनंही मान हलवली. बाकीचे पण म्हणायला लागले, आवाज नाही तर मजा नाही. कोन्सिंग हळूच म्हणाली, "सितो, आत जाऊन जरा वाजव ना. नातीचा दिवस आहे." आता असं गोड ती लग्नानंतर पहिल्यांदा बोलली असेल. मी गेलो, खोक्यावर चढलो, वाजवलं. बाहेर वाहवा चाललीय, थांबलो की ओरडतायत "अजून, अजून," मी फुगलोय, तासभर वाजवलं.

बाहेर आलो तर पानावर हाडं. कातडीचा तुकडा नाही, कान नाही, शेपूट नाही. कोन्सिंग तोंड पुसत म्हणाली, "डॉक्टरनं तुला कातडी बंद केलीय ना, मग? तू इथं असतास तर राहिला असतास का खाल्ल्याशिवाय?" माझं ताट तिनं झाकून ठेवलं होतं. उघडलं. भात, उकडलेला पाला, आणि बाजूला तो हिरवा चेंडू, कुत्र्याच्या दातांच्या खुणांसकट, स्वच्छ धुतलेला.

काय करणार... दाबतोय.